विश्लेषण : बाथरूममधल्या गॅस गिझरने जीव का जातो? वास का येत नाही? खिडकी उघडी ठेवली की पुरते का?

थंडी सुरू झाली की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक छोटी बातमी ठरल्यासारखी येते. कोणीतरी आंघोळीला गेले, बराच वेळ बाहेर आले नाही, हाकांना उत्तर मिळेना, शेवटी दार तोडले. आत माणूस बेशुद्ध किंवा मृत. बातमीच्या शेवटी ‘गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याचा प्राथमिक अंदाज’ एवढे एक वाक्य. २०२३ मध्ये धुळवडीचे रंग खेळून आल्यावर आंघोळीला गेलेल्या मुंबईतील घाटकोपरच्या एका दाम्पत्याच्या मृत्यूनंतर हाच संशय व्यक्त झाला होता.

बातमी वाचणारा चुकचुकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच गिझरखाली आंघोळ करतो. कारण ‘आमच्याकडे दहा वर्षे आहे, कधी काही झाले नाही’. हे वाक्य खरे असते, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. कसे, ते पाहू.

गळती झाली असती तर वास आला नसता का?

सर्वात मोठा गैरसमज इथेच आहे. बाथरूममधल्या या मृत्यूंना बहुतेक वेळा गॅसची गळती कारणीभूत नसते. गॅस नीट गिझरपर्यंत पोहोचलेला असतो आणि जळतही असतो. जीव जातो तो जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमुळे.

स्वयंपाकाच्या गॅसला, म्हणजे एलपीजीला, स्वतःचा उग्र वास नसतो. गळती लक्षात यावी म्हणून त्यात मर्कॅप्टन प्रकारचे दर्पयुक्त रसायन मुद्दाम मिसळतात. ज्योतीत गॅसबरोबर हे रसायनही जळून जाते. मागे उरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, ना चव. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. त्यामुळे ‘वास आला तर बाहेर पडू’ हा बेत इथे कामाचा नाही. घरात गॅस लीक डिटेक्टर बसवला असेल, तरी तो एलपीजी किंवा पाइप गॅस ओळखतो. कार्बन मोनॉक्साइडसाठी वेगळे यंत्र लागते, त्याकडे पुढे येऊ.

पण गॅस तर स्वयंपाकघरातही जळतो!

जळतो, पण प्रमाण पाहा. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवत असेल, तर त्याला दहा किलोवॉटहून अधिक उष्णता लागते. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण दोन-अडीच किलोवॉटचा असतो. म्हणजे हा गिझर चालू असताना चार-पाच मोठे बर्नर एकाच वेळी पूर्ण आचेवर पेटलेले असतात. तेही ओट्यावर, समोर मोठी खिडकी असताना नव्हे, तर पाच बाय सहा फुटांच्या खोलीत, दार लावून.

एवढी आच धरली तर तासाला साधारण एक किलो गॅस लागतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते, म्हणजे जवळपास १३ घनमीटर. मिनिटाचा हिशेब केला तर दोनशे लिटरहून जास्त हवा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेतो. थोडक्यात, भिंतीवरचा तो पांढरा डबा तीस माणसांएवढी हवा ओढत असतो आणि त्याच खोलीत एक माणूस डोळे मिटून डोक्याला साबण लावत असतो.

पाच बाय सहाच्या, साडेआठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये सगळी मिळून सात घनमीटरच्या आसपास हवा मावते. खोली अगदी हवाबंद धरली, तर पाचेक मिनिटांत तिथला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास येतो. प्राणवायू पुरेसा असेल तर गॅस जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. तो कमी पडू लागला की ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण झपाट्याने चढते. हा चढ सरळ रेषेत नसतो. पहिली काही मिनिटे फारसे काही नसते, नंतरच्या दोन-चार मिनिटांत सगळे बिघडते.

खरी बाथरूम अशी हवाबंद नसते, दाराखालून हवा येतच असते. ‘दहा वर्षे काही झाले नाही’ याचे उत्तर त्या फटीत आहे. मग एखाद्या दिवशी कडाक्याची थंडी असते, खिडकी घट्ट लावलेली असते, दाराच्या फटीशी पायपुसणे सरकलेले असते आणि केस धुवायचे म्हणून आंघोळ जरा लांबते. गिझर तोच असतो. जुन्या घरांत न्हाणीघराला वर उघडा झरोका असे. आता सरकत्या काचा आणि घट्ट बसणारी पीव्हीसीची दारे आली आहेत, त्यामुळे ही फटही कमी झाली आहे.

दिवाळीची पहिली आंघोळ आठवून पाहा. घरात आठ माणसे, बाथरूम एक, पहाटेची थंडी, गिझर तासभर जवळपास न थांबता चालू. पहिल्या माणसाला काही होत नाही. सहाव्याच्या वाट्याला आधीच्या पाच जणांच्या आंघोळीची हवा येते. काही गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, ही सोय चांगलीच आहे. पण नळ बंद करून पुन्हा सोडला की तो परत पेटतो. खोलीतली हवा बदलली की नाही, हे त्या टायमरला कळत नाही.

शरीरात नेमके काय होते?

रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइडची त्याच्याशी जवळीक प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट जास्त. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी हिमोग्लोबिनवरच्या जागा अडवून बसतो. हवेत प्राणवायू असतो, फुप्फुसे चालू असतात, पण मेंदूला आणि हृदयाला पुरवठा होत नाही. बातम्यांत आपण ‘गुदमरून’ लिहितो. तो शब्द फसवा आहे. गुदमरल्याची जाणीव झाली असती, तर माणूस दार उघडून बाहेर तरी आला असता. कार्बन मोनॉक्साइड स्वतः तशी जाणीव करून देत नाही.

सुरुवातीला डोके जड होते, गरगरते, मळमळते. गरम पाण्याच्या वाफेत बसलेल्या माणसाला हे सगळे थकवा, पित्त किंवा रिकाम्या पोटाचे वाटते. मग हातापायांतले बळ जाते. कडी समोर दिसत असते, पण उठता येत नाही. प्रमाण किती वाढले की किती वेळ मिळतो, याचे ठोकताळे उपलब्ध आहेत. हवेच्या दहा लाख भागांत १,६०० भाग कार्बन मोनॉक्साइड असेल, तर वीस मिनिटांत डोकेदुखी व चक्कर सुरू होते. ६,४०० भाग असेल, तर दोन-एक मिनिटांत त्रास आणि दहा-पंधरा मिनिटांत मृत्यूचा धोका. ६,४०० हा आकडा मोठा वाटतो, पण ती एका टक्क्यापेक्षाही कमी भेसळ आहे.

लहान मुले, हृदयरुग्ण आणि गर्भवती यांना धोका जास्त. गर्भवती स्वतः सावरली, तरी पोटातल्या बाळाच्या रक्तातून हा वायू उशिरा निघतो.

फिट आली की वायू लागला?

भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘गॅस गिझर सिंड्रोम’ हे नाव वैद्यकीय लिखाणात रूढ केले आहे. बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेल्या, झटके आलेल्या रुग्णांना आकडीचा आजार समजून तशी औषधे सुरू केली जातात आणि मागाहून लक्षात येते की घरी बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. आपल्याकडे अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची रीत आहे. त्यात जी पाच-दहा मिनिटे जातात, ती त्या माणसाला मोकळ्या हवेत मिळायला हवी असतात.

करोनानंतर बऱ्याच घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. इथे तो दगा देतो. साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू वाहणारे आणि कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याला सारखेच लालभडक दिसतात. माणूस अर्धमेला असतो आणि पडद्यावर ९८ दिसते. ‘ऑक्सिजन नॉर्मल आहे’ म्हणून घरीच निजवून ठेवण्याची चूक यातूनच होते. निदान पक्के करायचे, तर रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिन मोजावे लागते. ती तपासणी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय होत नाही आणि गिझरचा उल्लेख झाला नाही तर डॉक्टरांना ती सुचेलच असे नाही. म्हणून रुग्णालयात पोहोचताच पहिले वाक्य हवे : बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता.

उपचार नावाला साधा आहे, मास्कमधून शंभर टक्के प्राणवायू. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तेच काम एक-दीड तासात होते. गंभीर रुग्णांना जास्त दाबाच्या कक्षात प्राणवायू देतात. शुद्धीवर आले म्हणजे प्रकरण संपले, असेही नाही. काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात अडखळणे असा त्रास सुरू होतो. तेव्हा तपासणीला पुन्हा जावे लागते.

खिडकी उघडी ठेवली, एक्झॉस्ट फॅन लावला, मग तर चालेल?

खिडकीने धोका कमी होतो, जात नाही. ती किती उघडी, वारा कुठून, बाहेर मोकळी जागा आहे की चार भिंतींचा डक्ट, यावर सगळे अवलंबून. अनेक इमारतींत बाथरूमची खिडकी अशा अरुंद डक्टमध्ये उघडते आणि त्याच डक्टमध्ये वरच्या-खालच्या मजल्यांवरचे गिझरही धूर सोडत असतात. शिवाय थंडीत खिडकी उघडी ठेवून आंघोळ करा, हा सल्ला ऐकायला ठीक, पाळायला अवघड. ज्या सुरक्षिततेसाठी रोज पहाटे कुडकुडावे लागते, ती आठवडाभर टिकते.

एक्झॉस्ट फॅनचे तर उलटेही होऊ शकते. हवा आत यायला जागा नसेल आणि पंखा जोरात बाहेर फेकत असेल, तर खोलीतला दाब कमी होतो आणि गिझरच्या धुराड्यातून वर जाणारा वायू आत ओढला जाऊ शकतो. पंखा हवा तर दाराच्या तळाशी जाळी हवीच.

ज्यांच्याकडे आज तरी दुसरा पर्याय नाही, त्यांच्यासाठी एकच सवय उपयोगाची : दार उघडे ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, दोन-चार मिनिटे हवा खेळू द्या, मग आत जा. आत माणूस असताना गिझर पेटलेला नको. शॉवरसाठी हे जमणार नाही, तेव्हा शॉवर सोडा. आतून कडी न लावता दार नुसते लोटून घेतले, तर मदत लवकर पोहोचते. मुलांना आणि वृद्धांना हे आवर्जून सांगा.

आणखी एक गोष्ट याच ओघात. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून, आत शेगडी किंवा धुरी ठेवून शेकण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. निखारे धूर करत नाहीत म्हणून ते निर्धोक वाटतात. निखाऱ्यांतूनही तोच कार्बन मोनॉक्साइड निघतो. बाळाला ऊब द्यायची, तर शेगडी खोलीबाहेर पेटवून शेकायचे कापड गरम करून आत आणता येते.

मग गिझर बसवायचा कुठे?

बाथरूमच्या बाहेर. या एका उत्तराने वरचे बहुतेक प्रश्न मिटतात. पाण्याची नळी भिंतीतून आत न्यायला जो खर्च येतो, तो नव्या गिझरच्या किमतीपुढे मोठा नाही. ड्राय बाल्कनी ही चांगली जागा, पण ती खरोखर उघडी असेल तरच. काचा लावून, कपाटे ठोकून बंद केलेली बाल्कनी म्हणजे दुसरी बाथरूमच. शिवाय तिथल्या गिझरचे तोंड बाथरूमच्या किंवा झोपण्याच्या खोलीच्या खिडकीलगत नको.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहाच. ज्योत विझली की गॅस तोडणारी आणि हवेतला प्राणवायू कमी झाला की गिझर बंद करणारी, अशा दोन वेगळ्या सोयी असतात, दोन्ही आहेत का ते विचारा. बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारे, खोलीच्या हवेला हात न लावणारे बंदिस्त गिझर सर्वात सुरक्षित, पण महाग. इमारतीत पाइप गॅस आला असेल, तर सिलिंडरवरचा गिझर तसाच त्याला जोडू नका. दोन्ही इंधनांचा दाब आणि जेटचे छिद्र वेगळे असते.

वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीआधी, गिझरची सफाई हवी. धूळ, कोळिष्टके आणि काजळीने वायूची वाट तुंबली की हवा भरपूर असूनही ज्वलन बिघडते. झरोक्यातून दिसणारी ज्योत निळी आणि स्थिर असावी. ती पिवळी, लवलवती दिसली किंवा वरच्या भिंतीवर काळपट डाग पडू लागला, तर मिस्त्री येईपर्यंत गिझर वापरू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेणे चांगले, पण तो वाफेत नीट चालत नाही. तो बाथरूमबाहेर, माहितीपुस्तकात दिलेल्या जागी लावावा. त्याच्या सेन्सरलाही मुदत असते, ती मागे छापलेली असते.

विजेचा गिझर परवडतो का?

गॅस स्वस्त म्हणून तो घेतला जातो, तेव्हा किती स्वस्त ते मोजू. २० लिटरची बादली २२ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला विजेच्या गिझरला सुमारे ०.४५ युनिट लागते. गॅस साधारण ४० ग्रॅम. युनिट नऊ रुपयांना आणि १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांना धरला, तर बादलीमागे वीज चार रुपये, गॅस अडीच रुपये. फरक दीड रुपया. चौघांच्या घरात रोजच्या चार बादल्यांचे महिन्याला १८० रुपये. काही घरांसाठी ही रक्कम लहान नाही, हे मान्य. वायरिंग जुने, मंजूर भार कमी, वीज जाते, हेही खरे. विजेच्या गिझरला चांगले अर्थिंग लागते, नाही तर तोही जीव घेतो. पण ‘गॅसवर निम्म्याहून कमी खर्च’ हे दुकानातले गणित या दरांना बसत नाही.

घर भाड्याचे असेल तर?

गिझर कुठे ठोकायचा, हे बहुतेक वेळा आंघोळ करणारा ठरवत नाही. घरमालकाने पाच वर्षांपूर्वी जो स्वस्त होता तो बसवलेला असतो. विद्यार्थ्यांची वसतिगृहे, पेइंग गेस्टच्या खोल्या, थंड हवेच्या ठिकाणचे लॉज आणि होमस्टे यांची गोष्ट याहून वेगळी नाही. दुकानदार ‘फिटिंग फ्री’ म्हणतो आणि प्लंबर जिथे नळ जवळ तिथे भोक पाडतो. डब्यातल्या माहितीपुस्तकात हवा खेळती हवी, धुराडे बाहेर हवे, असे लिहिलेले असते. ते पुस्तक पिशवीतच राहते.

दुर्घटना घडली की अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि विषय ‘काळजी घ्या’ या आवाहनावर संपतो. काळजी भाडेकरूनेच का घ्यायची? विजेचे फिटिंग परवानाधारकानेच करावे, असा दंडक आहे. बंद खोलीत चार-पाच शेगड्यांची आच पेटवणाऱ्या उपकरणालाही तो असायला हवा. विकणाऱ्यानेच प्रशिक्षित माणूस पाठवून जागा पाहावी आणि बाथरूमच्या आत बसवायला सरळ नकार द्यावा. वसतिगृहांना आणि लॉजना परवाने देताना अग्निशमन यंत्रे मोजली जातात, तेव्हाच बाथरूममध्ये डोकावायला दोन मिनिटे पुरतात. गृहनिर्माण संस्थांना तर कुणाच्या परवानगीचीही गरज नाही. वार्षिक सभेत एक ठराव आणि घरोघरी एक फेरी, एवढ्यावर काम होते. भाडेकरूंनी करार करतानाच गिझर बाहेर हलवण्याची अट घालावी. नंतर मागितले की ते ‘पुढच्या महिन्यात’ होते.

घडलेच तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे?

दार उघडा किंवा तोडा. नाकाला रुमाल लावून या वायूपासून संरक्षण होत नाही, म्हणून आत रेंगाळू नका. वाचवायला गेलेला माणूसही तिथेच कोसळू शकतो. बेशुद्ध व्यक्तीला आधी ओढून मोकळ्या हवेत आणा. दुसऱ्या कोणालातरी गॅसचा रेग्युलेटर बंद करायला आणि सगळ्या खिडक्या उघडायला सांगा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा, तोंडात पाणी घालू नका. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात, न थांबता दाब देत राहा. १०८ वर रुग्णवाहिका बोलावताना प्राणवायू लागेल, हे सांगा. गॅसचा वास येत असेल, म्हणजे गळतीच असेल, तर त्यासाठी १९०६ हा वेगळा क्रमांक आहे. त्याच वेळी घरात आणखी कोणाचे डोके दुखत असेल, कोणाला मळमळत असेल, तर त्यांनाही त्याच गाडीतून तपासणीला न्या.